छोट्या निरीक्षकांकडच्या नोंदी खुल्या कशा करून घ्यायच्या?

नेचे_शेवाळ (प्रश्न)

आमचा निसर्गनिरीक्षकांचा छोटा गट आहे. सभासदांकडे बऱ्याच नोंदी पडून आहेत. कुणाकडे पतंगांची एक्सेल शीट, कुणाकडे झाडांच्या याद्यांच्या वह्या, कुणाच्या प्रबंधाचं परिशिष्ट, बाकीच्यांचे फोनमधले फोटो. एकेकाकडे शंभर-दोनशेपासून चार-पाच हजार ओळींपर्यंत माल आहे. हे सगळं जीबिफवर (जगभरातल्या जीवनोंदींचा खुला साठा) यावं अशी इच्छा आहे. विचारलं की सगळे 'हो हो, देऊ की' म्हणतात आणि पुढे काही हलत नाही. रकान्यांचा नमुना आणि सूचनांची पीडीएफ पाठवून झाली. भरून एकाचाही परत आला नाही.

नेमकं विचारायचंय ते असं. सुरुवातीला किमान काय मागावं? 'माझं काम दुसराच वापरेल' आणि 'चुका निघाल्या तर?' या दोन शंकांना खरं उत्तर काय? आणि आमच्यासारख्या गटाला आयनॅचरलिस्टची (फोटोसह निरीक्षणं टाकायची साइट) वाट बरी की स्वतःचा डेटासेट?

---

कोष्टक

रिकामा नमुना पाठवलात तिथेच घोडं अडलं. डार्विन कोअरमध्ये (जीवनोंदींच्या रकान्यांची ठरलेली नावं) दीडशेहून जास्त संज्ञा आहेत. त्यातल्या तीस-चाळीस जरी एका शीटमध्ये मांडल्या तरी बघणाऱ्याला वाटतं, हे आपलं काम नव्हे. आणि ते खरंच त्याचं काम नाही. ज्याला पतंग ओळखता येतात त्याच्याकडून पतंग ओळखून घ्यावेत, 'जिओडेटिक डेटम' (अक्षांश-रेखांश कोणत्या मोजणी-पद्धतीतले ते) भरून घेऊ नये. शीट असेल तशी, वही असेल तशी मागून घ्या. रकाने जुळवायची कारकुनी गटातल्या एक-दोघांनी अंगावर घ्यायची आणि मूळ माणसाला फक्त खुलासे विचारायचे: 'ता.' म्हणजे तालुका की ताम्हण, ही १२ म्हणजे संख्या की अनुक्रमांक, गोल केलेली नावं कशासाठी?

जीबिफला ऑकरन्स (कोणती प्रजाती कधी, कुठे दिसली) प्रकारच्या डेटासेटमध्ये सक्तीचे रकाने चारच आहेत: ऑकरन्स आयडी (नोंदीची स्वतःची ओळखखूण), बेसिस ऑफ रेकॉर्ड (नोंद कशावरून), सायंटिफिक नेम, इव्हेंट डेट. पहिला तुम्ही बनवणार. दुसऱ्यात, डोळ्यांनी पाहिलेल्या सगळ्या ओळींना 'ह्यूमन ऑब्झर्व्हेशन' एवढंच येणार. म्हणजे माणसाकडून मागायचं ते नाव, तारीख, जागा, कुणी पाहिलं आणि कुणी ओळखलं. बाकीचं तुमच्याकडे तयार होतं.

आता शीट हातात आली की काय काय बिघडलेलं असतं ते सांगतो.

तारीख सगळ्यात आधी बघा. ०५/०६/२०१९ म्हणजे ५ जून की ६ मे, हे एक्सेल संगणकाच्या सेटिंगवरून ठरवतो. सेटिंग महिना-आधी असेल तर ०५/०६ ची गुपचूप ६ मे होते आणि २५/०६ मात्र त्याला कळत नाही, म्हणून ती साधा मजकूर म्हणून राहते. ओळखायची खूण सोपी: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या की समजायचं, उजवीकडच्या सगळ्या संशयित. मूळ वहीशी ताडून बघितल्याशिवाय त्या दुरुस्त करता येत नाहीत. नवीन नोंदींसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने ठेवा आणि शेवटी २०१९-०६-०५ असं जोडा. फक्त महिना माहीत असेल तर २०१९-०६ एवढंच लिहा. तिथे १ तारीख ठोकून दिली की वापरणाऱ्याला ती खरी वाटते.

डेटम. पहिल्या ओळीत 'डब्ल्यूजीएस८४' लिहून कोपरा धरून खाली ओढलं की एक्सेल डब्ल्यूजीएस८५, ८६, ८७ अशी चढती भाजणी लावतो. असले डेटम जगात नाहीत. ओढण्याऐवजी रकाना निवडून कंट्रोल-डी दाबा.

अंश-मिनिटं. १२ अंश ३० मिनिटं म्हणजे १२.५. शीटमध्ये ते हमखास १२.३० असं सापडतं. फरक ०.२ अंशांचा, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २२ किमीचा. एखाद्याच्या सगळ्या नोंदींत दशांशानंतर ६० च्या वरचा आकडाच येत नसेल तर मिनिटंच लिहिली आहेत असं धरा आणि विचारा.

ऑकरन्स आयडी म्हणून ओळीचा क्रमांक कधीही देऊ नका. उद्या कुणी शीट नावाप्रमाणे लावली की सगळे क्रमांक फिरतात. प्रकाशित झाल्यावर आयडी बदलला तर जीबिफच्या दृष्टीने ती नवीन नोंद होते आणि जुन्या नोंदीवर झालेले संदर्भ तुटतात. गटाचं लघुनाव, व्यक्तीची आद्याक्षरं, वर्ष आणि क्रमांक अशी जोडणी पुरते. सूत्राने बनवलीत तर लगेच 'पेस्ट व्हॅल्यूज' करून गोठवा, नाहीतर पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर ती वेगळीच निघू शकते.

किंगडमचा रकाना सक्तीचा नाही, तरी भराच. वहीत नुसतं 'मोरस' लिहिलेलं असतं. मोरस म्हणजे तुतीही आणि गॅनेट हा समुद्रपक्षीही, कारण वनस्पती आणि प्राण्यांची नामसंहिता वेगळी आहे. किंगडम नसेल तर तुमची तुती समुद्रावर उडू लागते.

सगळं झालं की फाइल यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून साठवा (नाहीतर देवनागरीतली स्थळनावं चौकोन होऊन बसतात) आणि जीबिफच्या डेटा व्हॅलिडेटरमधून काढा. तो कुठल्या ओळीत काय खटकलं ते सांगतो आणि काही प्रकाशित करत नाही, त्यामुळे बिनधास्त चालवा.

---

पिसारा

कोष्टक यांनी कारकुनीचं सांगितलं, मी शंकांचं बघते.

'माझं काम दुसराच वापरेल' ही शंका खोटी नाही. तिला 'विज्ञानासाठी द्या हो' असं उत्तर दिलं की माणूस मान डोलावतो आणि शीट देत नाही. त्यापेक्षा श्रेय नेमकं कसं नोंदलं जातं ते दाखवा. जीबिफवर प्रत्येक डेटासेटला स्वतःचा डीओआय (कायमचा संदर्भ-क्रमांक) मिळतो. कुणी तिथून काही डाउनलोड केलं की त्या डाउनलोडलाही वेगळा डीओआय मिळतो आणि तो ज्या ज्या डेटासेटमधून ओळी आल्या त्या सगळ्यांशी बांधलेला असतो. संशोधकाने लेखात डाउनलोडचा डीओआय दिला की दीडशे ओळींच्या डेटासेटच्या पानावरही तो लेख दिसायला लागतो. एखाद्या छोट्या डेटासेटचं पान उघडून त्याखालची संदर्भांची यादी समोर बसून दाखवली तर तासाभराच्या भाषणाचं काम दोन मिनिटांत होतं.

पण यात एक ग्यानबाची मेख आहे. सगळ्यांच्या शीट एकत्र करून 'गटाच्या नोंदी' या नावाने एकच डेटासेट काढलात तर संदर्भात गटाचं नाव येईल, माणसाचं नाही. ज्याच्याकडे चार-पाचशेच्या वर ओळी आहेत आणि विषय एक आहे, त्याचा डेटासेट वेगळा काढा: प्रकाशक म्हणून गट, लेखक म्हणून ती व्यक्ती. किरकोळ नोंदींचा एकत्र डेटासेट ठीक आहे, पण त्यातही मेटाडेटामध्ये (डेटासेटच्या वर्णनात) सगळ्यांची नावं लेखक म्हणून घाला आणि प्रत्येक ओळीत 'रेकॉर्डेड बाय' भरा. नाव एकाच पद्धतीने लिहा. आद्याक्षर कधी आधी, कधी नंतर असं झालं की एका माणसाचे तीन होतात. ओआरसीआयडी क्रमांक काढून घ्या (संशोधकाची कायमची ओळख; फुकट असतो, पाच-दहा मिनिटांचं काम) आणि 'रेकॉर्डेड बाय आयडी' मध्ये टाका. बायोनोमिया नावाची साइट त्यावरून माणसागणिक नोंदी आणि त्या वापरलेले लेख गोळा करून दाखवते. ओळख पटवून देणाऱ्यालाही 'आयडेंटिफाइड बाय आयडी' देऊन तेच करता येतं. हे लोक नेहमी विसरले जातात आणि त्यांच्यावाचून निम्म्या नोंदींना काही किंमत राहत नाही.

लायसन्स. जीबिफ तीनच स्वीकारतं: सीसी झिरो (कुठलीही अट नाही), सीसी बाय (फक्त नाव द्यायची अट) आणि सीसी बाय-एनसी (नाव द्या, व्यावसायिक वापर नको). घाबरलेला माणूस एनसी निवडतो. निवडू द्या, पण त्याचा अर्थ सांगून. 'व्यावसायिक' कुठे सुरू होतं याची रेघ स्पष्ट नाही, त्यामुळे पर्यावरण अहवाल करणारी सल्लागार संस्था असा डेटा बाजूला ठेवते, आणि नेमक्या त्याच अहवालात ही नोंद दिसायला हवी असते. माझं मत सीसी बाय. नाव द्यायची अट राहते आणि वापर अडत नाही. पण एनसीवर अडून कुणी निघून जाणार असेल तर एनसी घ्या. शून्यापेक्षा बरं.

ज्याला त्याच नोंदींवर लेख लिहायचाय त्याला घाई करू नका. जुनी वर्षं आता, चालू वर्षं लेख आल्यावर, असं ठरवा आणि तारीख लिहून ठेवा. 'नंतर बघू' ला तारीख नसली की ते नंतर कधीच येत नाही. आणखी एक आमिष, चांगल्या अर्थाने: आयपीटीमध्ये (जीबिफवर डेटासेट प्रकाशित करायचं सॉफ्टवेअर) भरलेल्या मेटाडेटावरून डेटा पेपरचा (डेटासेटचं वर्णन करणाऱ्या लेखाचा) कच्चा मसुदा आपोआप निघतो. पद्धत आणि व्याप्तीची वर्णनं नीट लिहिली असतील तर अर्धा लेख तयार असतो, आणि बायोडायव्हर्सिटी डेटा जर्नलसारखी नियतकालिकं असे लेख छापतात.

आता संवेदनशील जागा. ही शंका सगळ्यात गंभीरपणे घ्या. चेलोडिना मॅककॉर्डी हे इंडोनेशियातल्या रोटी बेटावरचं लांब मानेचं कासव १९९४ मध्ये नवी प्रजाती म्हणून वर्णिलं गेलं आणि पाळीव प्राण्यांच्या बाजाराने ते जवळपास संपवून टाकलं. ऑर्किड, टॅरंटुला, पाली, शिकारी पक्ष्यांची घरटी, वटवाघळांच्या गुहा यांच्या बाबतीत निरीक्षक नाही म्हणत असेल तर तो आडमुठा नाही.

मार्ग असा की नोंद द्यायची, जागा ढोबळ करायची. धोका मोठा असेल तर अक्षांश-रेखांश ०.१ अंशापर्यंत (साधारण ११ किमी), मध्यम असेल तर ०.०१ पर्यंत (साधारण १.१ किमी). आकडे उगाच इकडेतिकडे सरकवू नका. सरकवलेला बिंदू खऱ्यासारखा दिसतो आणि अभ्यास बिघडवतो. ढोबळ केल्याचं 'डेटा जनरलायझेशन्स' मध्ये लिहा, नेमका आकडा राखून ठेवलाय आणि कुणाकडे मागायचा ते 'इन्फर्मेशन विथहेल्ड' मध्ये. अनिश्चिततेचा आकडाही (जागा किती मीटरपर्यंत चुकलेली असू शकते तो) त्याप्रमाणे वाढवा.

एवढं करूनही जागा फुटते ती तीन वाटांनी. स्थळवर्णनात 'धबधब्यामागची तिसरी कपार' तसंच राहिलेलं असतं. जोडलेल्या फोटोत लोकेशन असतं. आणि तिसरी वाट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: त्याच फेरीतल्या, त्याच इव्हेंट आयडीच्या बाकीच्या साध्या प्रजातींना पाच दशांशांपर्यंत नेमके आकडे दिलेले असतात. दोन ओळी शेजारी ठेवल्या की काम झालं. ज्या फेरीत एक संवेदनशील नोंद आहे ती सगळी फेरी ढोबळ करा.

चुका निघण्याबद्दल: निघतील. ज्याची खात्री नाही ते प्रजातीपर्यंत न नेता वंशावर किंवा कुळावर थांबवा, किंवा 'सीएफ.' (याच्यासारखं, पण खात्री नाही) हे 'आयडेंटिफिकेशन क्वालिफायर' मध्ये टाका, नावाच्या रकान्यात नको. वहीत सीएफ. असताना शीटमध्ये पक्कं नाव येणं ही खरी चूक. नंतर ओळख बदलली तर त्याच आयडीवर नवं नाव टाकून डेटासेट पुन्हा प्रकाशित करायचा.

---

वाटाड्या

वाटेचं थोडक्यात.

फोटो किंवा आवाज आहे, तारीख आणि जागा आहे: आयनॅचरलिस्ट. तिथून रिसर्च ग्रेड नोंदी आपोआप जीबिफवर जातात, दोन अटींवर. एक, ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त लोक प्रजातीवर (किंवा त्याखाली) सहमत हवेत. दोन, नोंदीचं लायसन्स वरच्या तिनांपैकी हवं. हे दुसरं कुणी बघत नाही. खातं काढताना किंवा नंतर सेटिंगमध्ये 'सर्व हक्क राखीव' निवडलेलं असेल तर शेकडो नोंदी रिसर्च ग्रेड होऊनही तिथेच बसतात. सेटिंगमध्ये नोंदींचं, फोटोंचं आणि आवाजाचं लायसन्स वेगवेगळं असतं. बदलताना जुन्या नोंदींनाही लागू करण्याची खूण करायला विसरू नका.

फोटो नाही, नुसती वही आहे: आयनॅचरलिस्टवर टाकू नका. पुराव्याविना नोंद 'कॅज्युअल' राहते आणि पुढे जात नाही. पक्ष्यांची वही असेल तर ईबर्ड, तिथे जुन्या याद्या फोटोविना चालतात.

पक्षी सोडून बाकी वह्या, प्रबंध, ट्रान्सेक्ट (ठरलेल्या रेषेवरून केलेल्या नोंदी), सापळे: स्वतःचा डेटासेट. जीबिफवर एकट्या व्यक्तीला प्रकाशक होता येत नाही, संस्था लागते. तुमचा गट नोंदणीकृत असेल तर अर्ज करा. तुमच्या देशाचा जीबिफ नोड (जीबिफचं देशातलं केंद्र), नोड नसेल तर त्यांची समिती, मान्यता देते. त्याला काही आठवडे लागू शकतात, म्हणून हा अर्ज शीट स्वच्छ करण्याआधीच टाकून ठेवा. गट नोंदणीकृत नसेल तर आधीच प्रकाशक असलेलं एखादं महाविद्यालय किंवा संग्रहालय गाठा आणि त्यांच्या नावाखाली द्या. लेखक तुमचेच राहतात.

आयपीटीचा सर्व्हर स्वतः उभारण्याच्या फंदात पडू नका. नोड बहुधा आपल्या आयपीटीवर खातं देतात. सर्व्हर चालवणारा सभासद गट सोडून गेला की डेटासेटचा दुवा मरतो.

झेनोडोवर (संशोधनाच्या फाइल ठेवायचं खुलं कोठार) फाइल टाकली की झालं, असंही काहींना वाटतं. डीओआय मिळतो, पण त्या ओळी जीबिफच्या शोधात येत नाहीत. राखीव प्रत म्हणून उत्तम.

आणि एकच नोंद दोन वाटांनी पाठवू नका. शीटमध्ये 'आयनॅचरलिस्टवर आहे' असा एक रकाना ठेवा आणि त्या ओळी डेटासेटमधून वगळा.

---

नेचे_शेवाळ

खूप उपयोगी. तीन उपप्रश्न. वह्यांमध्ये अक्षांश-रेखांश नाहीतच, 'तळ्याच्या पूर्वेला' एवढंच आहे; त्याचं काय? फोटो बहुतेक ग्रुपवर फॉरवर्ड केलेले आहेत, त्यात लोकेशन सापडत नाही. आणि लोकांना हुरूप यावा म्हणून 'या महिन्यात सर्वाधिक नोंदी' अशी स्पर्धा ठेवावी का?

---

नकाशावेडी

फॉरवर्ड केलेल्या फोटोंवर वेळ घालवू नका. मेसेजिंग अॅप फोटो दाबून लहान करताना त्यातलं लोकेशन आणि वेळ काढून टाकतात. मूळ फाइल ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडून केबलने किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून घ्या. फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली आहे का, हेही एकदा बघा. बऱ्याच जणांची बंद असते. कॅमेरा वेगळा असेल तर त्याचं घड्याळ तपासा: फोनवर चालू घड्याळ लावून कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढला की किती मिनिटांचा फरक आहे ते कळतं, आणि त्या दिवसाचे सगळे फोटो तेवढ्याने सरकवता येतात.

वह्यांना नंतर अक्षांश-रेखांश देता येतात. मूळ वाक्य जसंच्या तसं 'व्हर्बेटिम लोकॅलिटी' मध्ये ठेवा. ते कधी सुधारू नका. मग नकाशावर बिंदू ठेवायचा आणि त्याभोवती एवढं मोठं वर्तुळ कल्पायचं की खरी जागा नक्की त्याच्या आत असेल. त्या वर्तुळाची त्रिज्या मीटरमध्ये 'कोऑर्डिनेट अनसर्टन्टी' मध्ये जाते. उदाहरणार्थ, नुसतं तळ्याचं नाव असेल तर बिंदू तळ्याच्या मध्यावर आणि त्रिज्या मध्यापासून काठाच्या सर्वांत लांबच्या टोकापर्यंत. तळं ८०० मीटर लांब असेल तर ४०० च्या आसपास. निरीक्षक काठावरून बघत होता का तळ्याभोवतीच्या झाडीतून, ते विचारा आणि झाडीचा पट्टा त्यात मिळवा. 'तळ्याच्या पूर्वेला' म्हणजे पूर्वेला किती ते माहीत नाही, म्हणून बिंदू पूर्वेकडे न्या पण त्रिज्या मोठी ठेवा. जिओलोकेट हे फुकटचं साधन यात मदत करतं, पण त्याने सुचवलेला बिंदू डोळे झाकून घेऊ नका. एका नावाची दहा ठिकाणं असतात.

त्रिज्येत शून्य लिहायचं नाही, ते अवैध आहे. माहीत नसेल तर रकाना रिकामा. सगळ्या ओळींना सरसकट ३० ठोकणं हे रिकाम्यापेक्षा वाईट. फोनचा जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत जातो, दाट झाडीत किंवा दरीत बराच घसरतो.

दशांश किती? चार दशांश म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे १ मीटर. जुन्या वहीवरून काढलेल्या बिंदूला आठ दशांश बघितले की हसू येतं.

हे काम निरीक्षकाला शेजारी बसवून करा. वहीतल्या जागा पाच हजार नसतात, त्याच त्या तीस-चाळीस असतात. जागांची वेगळी यादी काढून एकदाच बिंदू ठरवले की सगळ्या ओळींना लागतात. यालाच लोक उत्साहाने बसतात, असा एक बारकावा. रकाने भरायला कंटाळणारा माणूस नकाशावर आपली तळी दाखवायला दोन तास बसतो.

---

प्रकाशसापळा

स्पर्धा? जपून. 'सर्वाधिक नोंदी' म्हटलं की लोक एकाच बागेतल्या चिमण्यांचे चाळीस फोटो टाकतात, लागवडीची झाडं 'जंगली' म्हणून येतात आणि यादीत वर जायला कुणीही काहीही ओळख ठोकतो. ती ओळख निस्तरणारे मोजके लोक महिनाभरात थकतात. नवशिक्या मात्र तळाला स्वतःचं नाव बघून येणंच सोडतो. स्पर्धाच हवी असेल तर गटाचा नकाशा घ्या, त्यावर १ किमीचे चौकोन आखा आणि 'एकही नोंद नसलेले चौकोन' भरायला लावा. किंवा नोंदच नसलेले महिने. तिथे एका साध्या गवताच्या नोंदीलाही मोल येतं आणि नव्या माणसाला जुन्याइतकीच संधी.

पण छोट्या देणाऱ्यांकडचं खरं धन वेगळंच आहे. एकाच जागी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी. अंगणात आठवड्यातून एकदा तोच दिवा तेवढाच वेळ लावणारा माणूस जे देतो ते मोठ्या मोहिमेला जमत नाही. आणि नेमकं हेच ऑकरन्स म्हणून सपाट करताना हरवतं. असा डेटा सॅम्पलिंग इव्हेंट प्रकारात काढा: एक रात्र म्हणजे एक इव्हेंट, तिच्याखाली त्या रात्रीच्या प्रजाती. इव्हेंटमध्ये दिव्याचा प्रकार आणि वॅट, लावल्याची आणि बंद केल्याची वेळ, पडदा की सापळा, ढग-पाऊस-वारा. चांदण्या रात्री दिव्यावर पतंग कमी येतात, त्यामुळे तारीख आणि वेळ नीट असेल तर चंद्राचा हिशेब नंतर कुणीही करू शकतो. 'सॅम्पल साइझ व्हॅल्यू' ३, 'युनिट' तास, असं.

आणि रिकाम्या रात्री! वहीत 'काही नाही' लिहिलेलं पान कुणी टंकतच नाही. ते इव्हेंट म्हणून जायलाच हवं, खाली एकही प्रजाती नसली तरी. एखादी ठरावीक प्रजाती मुद्दाम शोधली आणि दिसली नाही तर 'ऑकरन्स स्टेटस' मध्ये 'अॅब्सेंट'. पण ज्याने बघितलंच नाही त्याच्या नावावर अॅब्सेंट टाकू नका. यादी पूर्ण होती की आवडीचंच टिपलं, हा एक प्रश्न प्रत्येकाला विचारा आणि उत्तर मेटाडेटात लिहा. 'फक्त मोठे पतंग टिपले' हे कबूल केलेलं वाक्य डेटासेटची किंमत वाढवतं.

हुरुपाचं म्हणाल तर बक्षिसापेक्षा परतफेड चालते. शीट हाती आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या माणसाला त्याच्याच नोंदींतून काहीतरी परत द्या: त्याच्या जागांचा नकाशा, महिन्यागणिक प्रजातींचा आलेख, आधी माहीत असलेल्या पट्ट्याबाहेरच्या पाच नोंदी, अद्ययावत नावांनी दुरुस्त केलेली त्याची यादी. स्वच्छ केलेली शीटही परत द्या. ती त्याच्याकडे नसेल तर पुढच्या वर्षी तो जुन्याच शीटमध्ये भर घालतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शंका विचारायच्या त्या एकत्र करून, एका वेळी दहा-बारा. रोज एक मेसेज गेला की माणूस फोन उचलणं बंद करतो. आणि 'ही ओळख चुकीची वाटते' असं सगळ्यांसमोर ग्रुपवर कधीही लिहू नका, वैयक्तिक विचारा.

---

नेचे_शेवाळ

स्पर्धा रद्द, चौकोन पक्के. शेवटचे दोन प्रश्न. एका दिवंगत सभासदाच्या वह्या घरच्यांनी दिल्या आहेत, त्यांना काय विचारावं लागेल? आणि शाळकरी मुलांच्या नोंदी आहेत, त्यात नावं टाकायची का?

---

पिसारा

वह्या देणं आणि हक्क देणं वेगळं. घरच्यांकडून एका परिच्छेदाचं पत्र घ्या: कोणत्या वह्या, कोणतं लायसन्स, कुठे प्रकाशित होणार, आणि घरगुती मजकूर वगळला जाईल. वहीत पत्ते, आजारपणं, भांडणं असं बरंच असतं, म्हणून स्कॅन जसंच्या तसं जोडू नका. फक्त नोंदी उतरवून घ्या आणि मूळ वहीचा पान क्रमांक प्रत्येक ओळीत ठेवा, म्हणजे शंका आली की शोधता येतं. 'रेकॉर्डेड बाय' मध्ये त्यांचंच नाव, उतरवणाऱ्याचं मेटाडेटात. बायोनोमिया दिवंगतांसाठी ओआरसीआयडीऐवजी विकिडेटाचा क्रमांक वापरतं, तिथे पान बनवता आलं तर श्रेय त्यांच्या नावावर जमा होतं.

मुलांची नावं नकोत. 'रेकॉर्डेड बाय' मध्ये शाळेचं नाव किंवा 'निरीक्षक ०७' असा संकेत, आणि संकेताची किल्ली शिक्षकांकडे. नोंदीची जागा मुलाचं घर असेल तर तीही ०.०१ अंशावर आणा. मोठ्यांनाही एकदा विचारा. जगभर दिसेल अशा ठिकाणी आपलं नाव आणि घरामागच्या बागेचे अक्षांश-रेखांश एकाच ओळीत यावेत असं प्रत्येकाला वाटत नाही.

---

कोष्टक

वह्या उतरवताना एक: एकाने टंकायचं, दुसऱ्याने दर वीस ओळींमागे दोन ओळी मूळ पानाशी ताडायच्या. त्या दोनांत एक जरी चुकलेली सापडली तर ते अख्खं पान पुन्हा. आणि 'वरीलप्रमाणे' च्या दोन स्वल्पविराम-खुणा टंकताना पूर्ण मजकुरात उलगडा, नाहीतर शीट क्रमाने लावल्यावर त्या कुणाच्या खाली होत्या ते कुणालाच कळत नाही.